भट्टीची सुरुवात वखारीत होते

(बडोद्यातील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘लाकडाच्या भट्टीला भवितव्य आहे का?’ म्हणजे लाकूड जाळून मातीची भांडी भाजायच्या भट्टीला. आहे. का आहे ते मी सांगणार आहे, तासाभराच्या आत सांगणार आहे. पण तिथवर पोचायच्या आधी एक गोष्ट बोलून घेते, कारण ती बोलायला अशी सभा रोज मिळत नाही. भट्टीची सुरुवात वखारीत होते. विटांच्या ढिगापाशी नाही, नकाशावर नाही, वखारीत.

भट्टी बांधायला मला कुठूनही बोलावणं आलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. विटा किती लागतील? किती मोठी होईल? जपानी पद्धतीची करणार की आपली? आजवर एकानंही विचारलं नाही की तुमच्या गावात लाकूड कुठलं मिळतं. म्हणून मी गेल्या गेल्या गावातली वखार विचारते. तिथे जाऊन लाकूड हातात घेते, त्याचं वजन बघते, साल किती जाड आहे ते बघते, एखादा ओंडका फोडून घेते. मग वखारवाल्याची परवानगी काढून कोपऱ्यात थोडं सरपण पेटवायचं आणि शेजारी बसायचं. ज्वाळ किती लांब जाते? किती वेळ टिकते? विझल्यावर निखारे किती उरतात आणि ते किती वेळ धगधगत राहतात? एवढं कळलं की भट्टीचं तोंड, म्हणजे लाकूड जाळायची जागा, केवढं, त्यात लाकडाखालची जाळी कुठे, धुराडं किती उंच, हे निम्मं ठरलेलं असतं. कागद-पेन्सिल त्यानंतर.

तुम्ही सगळे बडोद्याचे, त्यामुळे इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीबद्दल मी नव्यानं काय सांगणार? १९५० साली फॅकल्टी सुरू झाली, बेंद्रे, शंखो चौधरी, सुब्रमण्यन ही कलावंत मंडळी इथे होती, हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. सिरॅमिकमध्ये, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कामात, आमच्या पिढीवर छाप ज्योत्स्नाबेन भट्टांची. इथे शिल्पकला शिकून त्या न्यूयॉर्कला ब्रुकलिन म्युझियमच्या आर्ट स्कूलमध्ये सिरॅमिक शिकल्या, आणि १९७२ पासून २००२ पर्यंत त्यांनी बडोद्यात शिकवलं. त्यांचे पक्षी, मांजरं, कमळाची बोंडं ज्यांनी हातात घेतली आहेत त्यांना कळेल की मातीचा पृष्ठभाग इतका शांत ठेवायला केवढा संयम लागतो. २०२० मध्ये त्या गेल्या.

मी शिकत होते तेव्हा भट्टी म्हणजे वर्गामागची एक वस्तू होती. भांडं घडवायचं, सुकवायचं, आत ठेवायचं, दार लावायचं. आत काय होतं ते दार उघडल्यावर कळायचं. मला तेवढ्यानं समाधान होईना. त्या दाराच्या आत काय चालतं हे बघायचं होतं, आणि बघायला सगळ्यात जवळची जागा होती फतेपुऱ्यातला कुंभारवाडा.

नवरात्राच्या आधी कधी गेलायत तिकडे? गरब्याचे, म्हणजे देवीपुढे ठेवायच्या भोकाभोकांच्या मडक्यांचे ढीग लागलेले असतात. मागच्या बाजूला निंभाडा, आपण मराठीत ज्याला आवा म्हणतो तो. गॅसची भट्टी बघून आलेल्याला तो निंभाडा म्हणजे नुसता राखेचा ढीग वाटतो. मी तिथल्या एका प्रजापती कुटुंबात जायला लागले. काका चाकावर आणि काकी निंभाड्यावर, अशी त्यांची वाटणी. काकी खाली लाकडाच्या ढलप्या आणि भुसा पसरायच्या, मधे शेणाच्या गोवऱ्या, वर मडकी. मडकं कुठल्या कुशीवर ठेवायचं, त्याचं तोंड कुठे करायचं, दोन मडक्यांत किती फट सोडायची, सगळं ठरलेलं. वरून फुटक्या खापरांचा थर आणि त्यावर राख. राखेचा थर कुठे जाड, कुठे पातळ, हे त्या हातानं चाचपून करायच्या, कारण हवा तिथूनच आत-बाहेर करते. पेटवल्यावर त्या बसून राहायच्या. एका बाजूनं पांढरा धूर जास्त दिसला की मूठभर राख तिकडे सरकवायची. पांढरा धूर म्हणजे अजून पाणी निघतंय. तो ओसरला की मग आग वाढू द्यायची, त्याआधी घाई केली की मडकं फुटलंच.

अशा आव्यात तापमान साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातं. मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणी साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान सुटतं, आणि ५७३ अंशांना मातीतली गार, म्हणजे क्वार्ट्झ, एकदम फुगते. ही नावं आणि हे आकडे काकींना माहीत नव्हते, पण त्या टप्प्यावर आग सावकाश चढवायची हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या मला म्हणायच्या, “बेन, पहेलां लाकडुं जुओ, पछी भठ्ठी.” आधी लाकूड बघा, मग भट्टी. आज मी जे सांगतेय ते मूळ त्यांचं आहे, हे इथे सगळ्यांसमोर सांगायला मला फार आवडतंय.

गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. थापटणं घेऊन त्यांनी संतांच्या डोक्यावर थापट्या मारल्या आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. मी ती गोष्ट काकींना सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली आणि म्हणाल्या, थापटणं ओल्या मडक्याला, भाजलेल्याला टिचकी. बरोबरच आहे. थापटण्यानं ओल्या मडक्याचा आकार वाढवतात. भाजलेलं मडकं कच्चं की पक्कं, हे बोटाच्या टिचकीनं आणि आवाजानं कळतं. (हशा) वारकऱ्यांपैकी कुणी बसलं असेल तर गैर मानू नये. गोरोबांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, आणि त्यांच्यासमोर बसलेली मडकी त्यांच्या दृष्टीनं ओलीच असणार.

तिथून मी पाँडिचेरीला गेले. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन कुंभारांनी १९७१ मध्ये तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज भारतात लाकडाच्या भट्टीत उच्च तापमानाला स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भांडी, भाजणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा धागा त्या आवाराशी जाऊन मिळतो. मीकर मुळात आर्किटेक्चरकडून आलेले. त्यांनी पुढे कच्च्या विटांची अख्खी घरं बांधून ती आतून पेटवून भाजली, म्हणजे घर हीच भट्टी, आणि आत रचलेल्या विटा-कौलंही त्याच जाळात भाजून निघायची. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, बोलवा, मी येईन.

पाँडिचेरीत जाळायला सुरूचं लाकूड. किनाऱ्यावर सुरूची लागवड भरपूर. ज्वाळ चांगली लांब. ती ज्वाळ बघूनच भट्टीचं पोट किती खोल ठेवायचं हे ठरलेलं. आणि मला तिथे लख्ख कळलं की हीच भट्टी उचलून बडोद्यात आणली तर तिला सुरू कुठून मिळणार? आपल्याकडे गांडो बावळ. वेडी बाभूळ. बडोद्यापासून कच्छपर्यंत जिकडे बघाल तिकडे तीच. लाकूड घट्ट आणि जड, ज्वाळ आखूड, आणि निखारे? संपता संपत नाहीत.

आता इथे थोडी रसायनाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर लाकडाचा एवढा आग्रह का, हे कळणार नाही. लाकूड जळलं की राख उडते. ती राख ज्वाळेबरोबर भट्टीभर फिरते आणि भांड्यांच्या खांद्यांवर बसते. राखेत मुख्यतः चुना असतो, थोडं पोटॅश, थोडं मॅग्नेशियम. बाराशे अंशांच्या पुढे ही राख मातीतल्या सिलिकाशी मिळून वितळते आणि काच होते. आपण काहीही न लावता भांड्याला ग्लेझ, म्हणजे काचेचा लेप, चढतं. ज्या बाजूनं ज्वाळ आली त्या बाजूला जास्त, पाठीला कमी. मातीत लोह असेल आणि भट्टीत हवा कमी असेल तर हिरवट झाक येते. खांद्यावरून ओघळ येतात आणि थेंब होऊन थांबतात. हे गॅसच्या भट्टीत होत नाही, विजेच्या तर नाहीच. ग्लेझ वाटून, चाळून, बुडवून लावता येतं, आणि त्यातही केवढं काम आहे. आपल्या निर्मला पटवर्धनांनी त्यात आयुष्य घातलं. पण लाकडाच्या भट्टीत ग्लेझ आगीतूनच येतं, आणि म्हणून कुठलं लाकूड, हा प्रश्न कुठला रंग या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट ओढीची. धुराडं हवा ओढतं, म्हणून आग जळते. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी तांब्याचा बंब होता. दांडिया बाजारातल्या वाड्यांत सकाळी न्हाणीघरातून त्याचा वास यायचा. मधल्या नळीत वरून ढलप्या टाकायच्या, खाली जाळी, राख खाली पडते, हवा खालून येते, आणि नळीच धुराडं. लाकडाच्या भट्टीचं सगळं तत्त्व त्या बंबात आहे. बंबाची नळी उंच असली की आग कशी घोंघावते ते आठवा. भट्टीचा जुना हिशेब असा आहे की ज्वाळेला जेवढे फूट खाली ओढायचं त्याच्या तिप्पट धुराडं, आणि आडवं जेवढं ओढायचं त्याच्या दर तीन फुटांना आणखी एक फूट. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(प्रश्न: कमान कशी बांधता?)

छान विचारलंत. विषयांतर होईल, पण हे मला सांगायचंच होतं. भिंतीवर एक प्लायवूडचा तक्ता उभा करायचा. भट्टीची रुंदी जेवढी तेवढ्या अंतरावर दोन खिळे ठोकायचे, आणि त्यांना एक साखळी लोंबकळत सोडायची. आमची साखळी लहरीपुऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातली आहे, शेळी बांधायची. साखळी स्थिर झाली की पेन्सिलनं तिची रेघ काढायची आणि तक्ता उलटा करायचा. झाली तुमची कमान. लोंबकळताना साखळीच्या प्रत्येक कडीवर फक्त ताण असतो. आकार उलटा केला की तोच ताण दाब होतो, आणि विटा दाबाला भक्कम असतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकनं हे लिहून ठेवलंय. अशी कमान स्वतःच उभी राहते, बाजूंना लोखंडी अँगल आणि सळ्या आवळाव्या लागत नाहीत.

गवंड्याला हे पटवणं हा वेगळा कार्यक्रम असतो. त्याला सिमेंट घालायचं असतं. मी सांगते, सिमेंट या उष्णतेत भुसभुशीत होऊन पडतं, आपण फायरक्ले, म्हणजे जाळ सोसणारी माती, आणि वाळूचा पातळ गारा लावायचा, तोही वीट नीट बसण्यापुरता. मग लाकडी साच्यावर विटा चढतात, शेवटी मधली वीट ठोकून बसवायची, आणि साच्याखालच्या पाचरी एकेक करून सैल करायच्या. साचा बोटभर खाली येतो आणि कमान जागच्या जागी राहते. एका गवंड्यानं त्या वेळी विटेवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. त्यानं नंतर माझ्याबरोबर खूप भट्ट्या बांधल्या. आता तो दुसऱ्यांना साखळी दाखवतो.

विटांचंही सांगते, म्हणजे जाळ सोसणाऱ्या फायरब्रिकचं. त्या आपल्याला लांबून आणाव्या लागत नाहीत. वांकानेर, थानगढ, मोरबी, हा सगळा पट्टा मातीचा. थानगढ-मोरबीकडच्या पॉटरीच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुळे हे मराठी नाव आहे. परशुराम पॉटरीच्या बरण्या तुमच्या आजीच्या फडताळात होत्या, लोणच्याच्या, वर तपकिरी आणि खाली पांढऱ्या. म्हणजे गुजरातच्या मातीशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं मनात साठवलं होतं ती सांगते. नाव घेणार नाही. मोठी संस्था आहे, पैशाला कमी नाही, आवार सुंदर. त्यांना लाकडाची भट्टी हवी होती. मी गेले, आणि माझ्यापुढे तयार नकाशा ठेवला. जपानी अनागामा. उतारावर चढत जाणारा एकच बोगदा, खालच्या तोंडाशी जाळ, वरच्या टोकाला धुराडं. अनागामा ही फार थोर चीज आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पाचव्या शतकात कोरियाच्या वाटेनं ती जपानात गेली, शिगाराकी, बिझेन, तांबा इथे शतकानुशतकं चालली. पण तिथे जाळतात लाल पाईन. राळेचं लाकूड, ज्वाळ लांब, झटकन पेटतं, निखारे थोडे. म्हणून तिथे जाळी नसली तरी भागतं, जमिनीवरच जाळतात. मी विचारलं, इथे लाकूड कुठलं? म्हणाले, बाभूळ, आवारातच तोडायची आहे. मी म्हटलं, मग या तोंडाला जाळी हवी, निखाऱ्यांच्या पातळीवर हवेची भोकं हवीत. उत्तर आलं, नकाशा मंजूर झालाय.

मी लेखी दिलं. दोनदा दिलं. दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं नाही. मग आर्किटेक्ट आले, म्हणाले, हे धुराडं इमारतीच्या दर्शनी बाजूला खुपतंय, कमी करा. मी तो मघाचा फुटांचा हिशेब मांडला. ते हसले. धुराडं कापलं. कापलं म्हणजे बांधलेलं उतरवलं, माझ्या डोळ्यांदेखत, विटा खाली देऊन.

भाजायच्या वेळी मुलं काय जीव लावून राबली! रात्रपाळ्या लावल्या होत्या. कुणी लाकूड फोडतंय, कुणी रचतंय, कुणी वहीत दर तासाची नोंद करतंय. मध्यरात्री कुणाच्या तरी घरून सेव-उसळ आली, तिखटजाळ, आणि सगळ्यांनी भट्टीच्या उबेला बसून खाल्ली. हजार अंशांपर्यंत तापमापीचा काटा सुंदर चढला. मग अकराशेच्या आसपास थांबला. लाकूड घालतोय, घालतोय, काटा जागचा हलत नाही. कारण तोंडात गुडघाभर निखारे साठले होते. बाभळीचे निखारे. ते हवा अडवून बसलेले, आणि वर आखूड धुराडं, त्याला ओढ कुठली? लांब दांड्याच्या लोखंडी फावड्यानं आम्ही निखारे बाहेर ओढत होतो. तेवढ्यात भट्टी थंड व्हायची, की पुन्हा लाकूड, की पुन्हा निखारे. एका मुलीच्या भुवया होरपळल्या. ती जागची हलली नाही.

भट्टी उघडली तेव्हा भांड्यांवर राख होती, पण वितळलेली नाही. करडी, खरखरीत, हात लावला की सोलून येणारी. मुलांची तोंडं बघवत नव्हती. आणि संस्थेनं अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य आहे, ते मला पाठ आहे: ‘लाकडाची भट्टी आपल्याकडील परिस्थितीत व्यवहार्य नाही.’

मंडळी, मला त्या वाक्याचा राग आहे, आजही आहे. पुढे माणसं बदलली, नव्या माणसांनी मला हात लावू दिला. मी भट्टीच्या तळाशी हवेची भोकं पाडली, जाळी घातली, धुराडं पुन्हा वर नेलं. त्याच आवारातली तीच बाभूळ. भट्टी तेराशेला गेली, दहा नंबरचा कोन, म्हणजे ठरावीक तापमानाला वाकणारा मातीचा छोटा सुळका, लवून आडवा झाला, खांद्यांवर राखेची हिरवी काच. पण ते वाक्य कागदावर राहिलं ते राहिलंच. कुणी तरुण कुंभार कुठे अनुदान मागायला गेला की ते वाक्य त्याच्यापुढे ठेवतात. भट्टी सुधारली हे कुणी लिहिलं नाही. एका चुकीच्या तोंडाचा आणि कापलेल्या धुराड्याचा दोष लाकडाच्या माथी मारला, आणि त्यावर पुढच्या पोरांचे अर्ज नाकारले जातात. मी हे जिथे जाते तिथे सांगते आणि सांगत राहणार.

परदेशात याच गोष्टीला लोकांनी किती आदरानं हात घातला बघा. इंग्लंडमध्ये सेंट आइव्हजला बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा या कुंभारांनी १९२० मध्ये पॉटरी काढली. त्यांची पहिली भट्टी नीट चालेना, तेव्हा मात्सुबायाशी नावाचा जपानी कुंभार तिथे आला. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकाम आणि शिवाय तो इंजिनियरिंग शिकलेला. त्यानं तिथे बसून नवी चढती भट्टी बांधली. भट्टी चालली नाही म्हणून इंग्लंडमध्ये भट्टी चालत नाही, असा अहवाल कुणी लिहिला नाही. जाणत्याला बोलावलं.

(चिठ्ठी येते.) अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. खरा विषय राहिलाच, तेव्हा आता भरभर.

पहिला आक्षेप, झाडं. लाकूड जाळता म्हणजे झाडं तोडता. १९६०च्या सुमारास वनखात्यानं कच्छातल्या बन्नीत जमिनीचा खारटपणा रोखायला वेडी बाभूळ लावली. आज तिनं बन्नीचं गवताळ रान गिळलंय. तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते. मालधाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या पशुपालकांच्या, गुरांना गवत हवंय आणि ही झुडपं हटत नाहीत. असं लाकूड जाळल्यानं कुठलं जंगल जातं? आम्ही आंबा, कडुनिंब, वड यांना हात लावत नाही. शिवाय मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात ती खोकी बहुतेक पाईनची. ती भंगारात जातात. म्हणजे जपानी भट्टीला लागणारी लांब ज्वाळ बडोद्यात भंगारवाल्याकडे मिळते! मी सुरुवातीला बाभूळ घालते, निखारे आणि धग तिच्याकडून घेते, आणि शेवटच्या दोनशे अंशांना पाईनच्या चिरलेल्या फळ्या. रंग दिलेलं, औषध मारलेलं लाकूड अजिबात नाही. खिळे असले तरी चालतात.

दुसरा आक्षेप, धूर. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. ओलं लाकूड घातलं, एकदम खूप घातलं, हवा कमी पडली की धूर. लाकूड निदान एक पावसाळा छपराखाली सुकवा. थोडं थोडं घाला, धुराड्याच्या टोकाकडे नजर ठेवा, ते स्वच्छ झालं की पुढचा घास. आणि तोंड बदला. एमिल बूरी नावाच्या फ्रेंच माणसाच्या नावानं ओळखलं जाणारं एक तोंड आहे. त्यात लाकूड वर कट्ट्यांवर आडवं राहतं, हवा वरून येते, ज्वाळ खाली ओढली जाते, निखारे तळाशी पडतात आणि तळाची भोकं त्यांना जाळून टाकतात. बाभळीसारख्या लाकडाला हे फार मानवतं. पूर्ण धूर जात नाही, हवा कमी करून भाजायच्या वेळी थोडा येणारच. म्हणून भर वस्तीत भट्टी बांधू नका, आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, नंतर भांडं द्या.

तिसरा, की हे छंद म्हणून ठीक, पोट कसं भरणार? एकट्याच्या मालकीची भट्टी परवडत नाही, हे खरं. मग सामायिक बांधा. एका मोठ्या भट्टीत पाच-सहा जणांचा माल सहज जातो, लाकूड वाटून घ्या, पाळ्या वाटून घ्या. चढत्या भट्ट्या जपानात गावानं मिळून वापरलेल्या आहेत. आपल्याकडे कुंभारवाड्यात एका निंभाड्यात दोन-तीन घरांचा माल मी स्वतः बघितला आहे.

आणि शेवटचं, जे मला खरं तर पहिल्यांदा सांगायचं होतं. सिरॅमिक शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पदवीच्या आधी एक भट्टी स्वतःच्या हातानं बांधायला लावा, छोटी का होईना. आणि फतेपुऱ्यातल्या काकींसारख्या बायकांना वर्गात शिकवायला बोलवा, मानधन देऊन, खुर्ची देऊन. प्रात्यक्षिक दाखवायला आणून चहा पाजून परत पाठवू नका. आगीचं त्यांना जे कळतं ते माझ्या तापमापीला कळत नाही. निंभाडे एकेक करून बंद होतायत, कारण पुढची पिढी हे काम करत नाही, आणि का करावं, त्यातून मान मिळत नाही. ही विद्या गेली तर पुन्हा जपानचा नकाशा मागवावा लागेल, आणि पुन्हा तेच वाक्य लिहिलं जाईल.

वेळ संपली. दिवाळीनंतर, लाकूड नीट कोरडं झालं की, आमची भट्टी पेटणार आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आलं तेव्हापासून तळाच्या विटा मी फार जपते, त्यामुळे पहिला दिवस नुसती मंद शेक, त्या दिवशी बघायला काही नाही. दुसऱ्या रात्रीपासून या. ज्यांना लाकूड घालायचं असेल त्यांनी सुती कपडे घालून यावं, नायलॉन, टेरिकॉट चालणार नाही, पायात बंद बूट, केस बांधलेले. पहाटेच्या पाळीला माणसं कमी पडतात, तेव्हा लवकर उठणाऱ्या ज्येष्ठांनी नावं आजच बाहेरच्या टेबलावर द्यावीत. आणि कुणाची जुनी गिरणी, जुना कारखाना पाडला जात असेल, तर त्यातल्या फायरब्रिक भंगारात घालू नका, मला सांगा, मी टेम्पो घेऊन येते.